आज्ञा, शौर्य आणि विवेक : १९४६ च्या नाविक उठावाच्या संदर्भात सैनिकाच्या नैतिक मूल्याचा विचार

प्रस्तावना

ठाणे शहराच्या उत्तरेस खाडीच्या काठाने बाळकुम, ढोकाळी आणि कोलशेत ही गावे एकमेकांना लागून वसलेली आहेत. मासेमारी आणि भातशेती यांवर जगणारी आगरी-कोळी वस्ती ही या पट्ट्याची जुनी ओळख होय. १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका स्थापन झाली. पुढे कारखाने आले आणि कारखान्यांच्या जागी उंच गृहसंकुले उभी राहिली. आज बाळकुम नाक्यावरून कोलशेतकडे जाणाऱ्या प्रवाशाला तेथील हवाई दलाचे ठाणे ठाऊक असते. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच कोलशेतमध्ये रॉयल इंडियन नेव्हीची 'अकबर' ही किनारी आस्थापना होती आणि फेब्रुवारी १९४६ मधील नाविकांच्या संपात तेथील खलाशीही सामील झाले होते, हे सहसा कोणाला ठाऊक नसते. नौदलाच्या प्रथेनुसार जमिनीवरील आस्थापनेलाही जहाजासारखेच नाव दिले जाते. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकात 'अकबर' हे नाव वाचणाऱ्यास ती एखादी युद्धनौका असावी असा समज होतो आणि कोलशेतचा संबंध नकळत पुसला जातो.

आधुनिक संघर्षांत सैनिकाची भूमिका कोणती आणि त्याच्या कृतीचे नैतिक मूल्य कशावर अवलंबून असते, हा प्रश्न प्रायः दोन ठरीव उत्तरांत संपविला जातो. पहिले उत्तर असे की, सैनिक हा आज्ञेचा धनी. त्याने निष्ठेने आज्ञा पाळली की त्याचे कर्तव्य संपले. दुसरे असे की, ज्या पक्षासाठी तो लढतो त्या पक्षाची न्याय्यता हीच त्याची न्याय्यता. महाराष्ट्राच्या, विशेषतः मुंबई-ठाणे परिसराच्या, अलीकडच्या इतिहासातील घटना तपासल्या असता ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात. प्रस्तुत लेखात १९४६ च्या नाविक उठावाच्या आधारे आणि त्याच काळात मराठा पलटणीला आलेल्या अनुभवांच्या साहाय्याने या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे.

फेब्रुवारी १९४६ : घटनाक्रम

दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीचा विस्तार फार झपाट्याने झाला. देशाच्या सर्व प्रांतांतून शिकलेले तरुण तीत भरती झाले. भरतीच्या वेळी चांगला पगार, चांगले अन्न, सन्मानाची वागणूक आणि युद्धानंतर नोकरी अशी आश्वासने त्यांना देण्यात आली होती. प्रत्यक्षात त्यांना निकृष्ट जेवण, गोऱ्या नाविकांच्या तुलनेत तुटपुंजे वेतन आणि अधिकाऱ्यांकडून वंशद्वेषी शिवीगाळ सोसावी लागली. युद्ध संपताच सैन्यकपात सुरू झाली आणि भविष्याची चिंता वाढली. याच महिन्यांत आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटल्याने देश ढवळून निघाला होता.

मुंबईत कुलाबा येथील 'तलवार' ही संदेशवहनाचे शिक्षण देणारी आस्थापना होती. तेथे १ डिसेंबर १९४५ च्या नौदल दिनाच्या सुमारास भिंतींवर स्वातंत्र्याच्या घोषणा लिहिलेल्या आढळल्या. फेब्रुवारीच्या आरंभी सरसेनापती ऑकिनलेक यांच्या भेटीच्या वेळी पुन्हा घोषणा लिहिल्या गेल्या आणि बलाईचंद्र दत्त या नाविकास अटक झाली. आस्थापनेचे प्रमुख कमांडर किंग यांच्या अपमानास्पद भाषेविरुद्ध केलेल्या तक्रारींची दखल घेतली गेली नाही. १८ फेब्रुवारी रोजी 'तलवार'वरील सुमारे १,१०० खलाशांनी अन्न नाकारले आणि कामावर जाण्याचे थांबविले. दुसऱ्या दिवशी बंदरातील जहाजे व किनारी आस्थापना संपात उतरल्या. मध्यवर्ती संप समिती निवडली गेली, एम. एस. खान हे तिचे अध्यक्ष आणि मदनसिंग हे उपाध्यक्ष झाले. जहाजांच्या डोलकाठ्यांवर काँग्रेस, मुस्लिम लीग व कम्युनिस्ट पक्ष यांचे झेंडे एकत्र फडकले. कराची, मद्रास, विशाखापट्टणम्, कलकत्ता अशा ठिकाणी संप पसरला. एकूण ७८ जहाजे, २० किनारी आस्थापना आणि सुमारे २०,००० नाविक त्यात सहभागी झाल्याचे सामान्यतः मानले जाते.

समितीच्या मागण्यांकडे लक्ष दिल्यास या संपाचे स्वरूप स्पष्ट होते. अन्न, वेतन, वागणूक आणि सेवामुक्तीनंतरची नोकरी या मागण्या तर होत्याच. त्यांबरोबर आझाद हिंद सेनेच्या कैद्यांसह सर्व राजकीय बंद्यांची सुटका करावी आणि इंडोनेशियातून भारतीय फौजा परत आणाव्यात, अशाही मागण्या होत्या. पोटाच्या प्रश्नापासून निघालेला माणूस स्वतःच्या शस्त्राचा उपयोग कोणासाठी होत आहे, या प्रश्नापर्यंत पोहोचला होता. सैनिकाच्या नैतिक विचारातील हा निर्णायक टप्पा होय.

२१ फेब्रुवारी रोजी कॅसल बराकीला वेढा घालून बसलेले लष्कर आणि आतील नाविक यांच्यात काही तास गोळीबार झाला. व्हाइस ॲडमिरल गॉडफ्रे यांनी आकाशवाणीवरून, प्रसंगी नौदल नष्ट झाले तरी बळाचा पूर्ण वापर केला जाईल, असा इशारा दिला. त्याच दिवशी गेट वे ऑफ इंडियाजवळ नागरिकांनी जहाजांवरील उपाशी खलाशांसाठी अन्नाची पुडकी आणली. दुकानदारांनी आपला माल खुला केला आणि पहाऱ्यावरील भारतीय शिपायांनी ते अन्न जाऊ दिले. २२ फेब्रुवारीस कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवरून गिरण्या बंद पडल्या आणि शहरात लष्कराने गोळीबार केला. परळ येथे कमल दोंदे या कार्यकर्तीचा गोळी लागून मृत्यू झाला, तर कुसुम रणदिवे जखमी झाल्या. सरकारी आकड्यांनुसार त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत २२८ नागरिक मृत्यू पावले आणि हजारांहून अधिक जखमी झाले. सरदार पटेल आणि जिना यांच्या सल्ल्यावरून २३ फेब्रुवारीस नाविकांनी शरणागती पत्करली. इंग्रजांपुढे नव्हे, तर भारताच्या नेत्यांच्या शब्दापुढे आपण शस्त्र ठेवीत आहोत, अशी समितीची भूमिका होती.

'बंड', 'संप' आणि 'उठाव'

एकाच घटनेला लावल्या गेलेल्या तीन नावांत तीन नैतिक निवाडे दडलेले आहेत. सरकारने तिला 'बंड' म्हटले. या शब्दात शपथभंगाचा आरोप आहे आणि लष्करी कायद्यात त्याला कठोरतम शिक्षा आहे. नाविकांनी स्वतः 'संप' हा शब्द वापरला. त्यामागे गिरणी कामगारांच्या मुंबईचा संस्कार होता आणि आपण शस्त्र उचललेले नसून काम थांबविले आहे, असा दावाही त्यात होता. स्वातंत्र्यानंतरच्या इतिहासलेखनात 'उठाव' हे नाव रुळले आणि घटनेला राष्ट्रीय लढ्यात स्थान मिळाले. यांपैकी कोणतेही एक नाव पुरेसे नाही. आरंभी संप असलेली ही कृती कॅसल बराकीत सशस्त्र प्रतिकारापर्यंत गेली, हे नाकारता येत नाही. त्याचप्रमाणे एवढ्या तोफा हाती असूनही नाविकांनी शहरावर त्या डागल्या नाहीत, हेही विसरता येत नाही. आज्ञा मोडणारा सैनिक अपरिहार्यपणे बेबंद होतो, या समजुतीला हा संयम छेद देतो.

एकच पलटण, तीन रणांगणे

नाविकांच्या निर्णयाचे मोल समजून घेण्यासाठी त्याच काळातील दुसऱ्या एका सैनिकसमूहाकडे पाहणे उपयुक्त ठरते. हा समूह म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्री. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांतून या पलटणीची भरती होत असे.

१० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात या पलटणीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतील सर्व जण ठार वा जखमी झाले. माणगाव तालुक्यातील पळसगावच्या या बावीस वर्षांच्या तरुणाने एकट्याने त्या ठाण्यावर चाल केली. हातबॉम्बने मशीनगन निकामी केली आणि बंदुकीत गोळ्या भरण्यास अवधी नसताना तिच्या दस्त्याने अखेरच्या शत्रूंशी झुंज दिली. ठाणे हाती आले. पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या वर्षी, ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनिओ नदीच्या काठी अहमदनगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांनी गोळ्यांच्या वर्षावात आणि सुरुंग पेरलेल्या भूमीतून दोन जखमी साथीदारांना वाचवून आणले आणि त्यानंतर शत्रूची मशीनगन ठाणी नष्ट केली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शत्रूला मारणे आणि साथीदाराला वाचविणे या दोन्ही कृती त्या एकाच सन्मानात सामावलेल्या आहेत.

इटलीतील ही लढाई फॅसिझमविरुद्धची होती. साम्राज्याच्या सैन्यातून लढूनही तिची न्याय्यता बव्हंशी मान्य झाली आहे. यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावी सूर्यघड्याळाच्या रूपात स्मारक उभारले गेले. ज्या भूमीवर ते लढले तेथील लोकांनी सुमारे ऐंशी वर्षांनी त्यांची आठवण जागवावी, ही गोष्ट बोलकी आहे.

जपान शरण आल्यानंतर याच पलटणीच्या बटालियनचा समावेश असलेली ४९ वी भारतीय ब्रिगेड ऑक्टोबर १९४५ च्या अखेरीस इंडोनेशियातील सुराबाया बंदरात उतरली. जपानी फौजांना निःशस्त्र करणे आणि युद्धकैद्यांची सुटका करणे हे तिचे घोषित काम होते. परंतु इंडोनेशियाने आपले स्वातंत्र्य आधीच घोषित केले होते आणि या फौजांच्या आडून डच सत्ता परत येत आहे, असा तेथील जनतेचा रास्त संशय होता. संघर्ष पेटला. ३० ऑक्टोबरला ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले आणि १० नोव्हेंबरपासून शहरावर मोठा हल्ला झाला. तो दिवस इंडोनेशियात आज वीर दिन म्हणून पाळला जातो. सुराबायात पडलेला मराठी जवान इटलीतील आपल्या भावाइतकाच शूर होता. शिस्तही तीच आणि शपथही तीच. परंतु एका पारतंत्र्यातील माणसाला दुसऱ्या पारतंत्र्यातील माणसावर गोळी चालविण्यास तेथे नेण्यात आले होते. काही भारतीय सैनिकांनी तेथे बाजू बदलली, तर बहुसंख्यांनी आज्ञा पाळली. पंडित नेहरू आणि काँग्रेसने भारतीय फौजांच्या या वापराचा निषेध केला होता. मुंबईच्या नाविकांनी चार महिन्यांतच 'इंडोनेशियातून फौजा परत आणा' असे म्हटले, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

तिसरे रणांगण मुंबईतच होते. कॅसल बराकीभोवतीच्या पहाऱ्यावर आरंभी मराठा पलटणीचे जवान नेमले गेले. सरकारी वृत्तांत दोन्ही बाजूंनी गोळीबार झाल्याचे सांगतो, तर अनेक नाविकांच्या कथनात मराठा जवानांनी गोळ्या अंगावर न मारता वर झाडल्याचा उल्लेख येतो. पुढे तेथे ब्रिटिश तुकड्या आणल्या गेल्या. या कथनांतील भेद बाजूला ठेवला तरी प्रसंगाचे स्वरूप बदलत नाही. बराकीच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे भारतीय होते. दोघांनी एकाच राजाची शपथ घेतली होती आणि दोघांसमोर एकच प्रश्न उभा होता.

वीस महिन्यांच्या अवधीत एकाच पलटणीच्या वाट्याला आलेल्या या तीन प्रसंगांवरून एक निष्कर्ष निघतो. शौर्य ही सैनिकाची स्वतःची मिळकत आहे. युद्धाचा हेतू मात्र त्याला इतरांकडून मिळालेला असतो. म्हणून हेतू अन्याय्य असल्यामुळे शौर्य खोटे ठरत नाही आणि शौर्य खरे असल्यामुळे हेतू न्याय्य ठरत नाही. या दोहोंची गल्लत केल्यास एकतर सैनिकावर अन्याय होतो, नाही तर त्याला पाठविणारे जबाबदारीतून सुटतात.

नेतृत्वाची द्विधा आणि गणवेशाचा अर्थ

राष्ट्रीय नेतृत्वाची या संपाविषयीची भूमिका द्विधा होती. सरदार पटेल यांनी काही दिवसांतच एका काँग्रेस कार्यकर्त्यास लिहिलेल्या पत्रात, सैन्यातील शिस्तीशी खेळ करता येणार नाही, कारण स्वतंत्र भारतालाही सैन्य लागणारच आहे, असा आशय मांडला. गांधीजींनी हिंसेचा धिक्कार केला आणि सेवा अपमानास्पद वाटत असेल तर नाविकांनी ती सोडून द्यावी, असे सुचविले. अरुणा असफ अली यांचे मत वेगळे होते. हिंदू-मुसलमानांची एकजूट सनदशीर मार्गापेक्षा लढ्याच्या मोर्च्यावर अधिक सहज होईल, असे त्यांना वाटत होते.

गांधीजींची भूमिका आकस्मिक नव्हती. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावर येथे चंद्रसिंग गढवाली यांच्या नेतृत्वाखाली गढवाल रायफल्सच्या जवानांनी निःशस्त्र पठाण जमावावर गोळी चालविण्यास नकार दिला. त्यांना दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या. गोलमेज परिषदेच्या काळात एका फ्रेंच पत्रकाराने याविषयी विचारले असता गांधीजींनी त्या कृतीचे समर्थन केले नाही. आज्ञा मोडण्यास आपण शिकविले तर उद्या आपली सत्ता आल्यावर तेच सैनिक आपलीही आज्ञा मोडतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. सैनिकाला नकार द्यावयाचा असेल तर त्याने आधी गणवेश उतरवावा, असे या भूमिकेचे सार आहे.

या युक्तिवादात बळ आहे. परंतु गणवेश उतरविणे सर्वांना सारखेच शक्य असते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास येथे वेगळी साक्ष देतो. महार समाजाची सैन्यातील परंपरा ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात भरती बंद करून तोडली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली. युद्ध संपताच १९२१ मध्ये ती मोडली गेली. अखेर ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. स्वतः सुभेदाराचे पुत्र असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या भरतीचा आग्रह धरला होता. ज्या समाजाला गावात पाणवठा नाकारला जात होता त्या समाजातील तरुणाला सैन्याच्या शाळेत शिक्षण, हुद्दा आणि ताठ मानेने चालण्याचा हक्क मिळत होता. त्याच्या दृष्टीने गणवेश हे पोटार्थी कामाचे कपडे नव्हते. ते माणूसपणाचे प्रमाणपत्र होते. कोकणातील नाविकाला किंवा साताऱ्यातील शिपायाला मनिऑर्डरवर चालणारे घर डोळ्यांसमोर दिसत असे. अशा माणसाने नकार दिला तर तो केवळ नोकरी सोडत नाही; कुटुंबाचा आधार आणि समाजाने नुकतीच दिलेली प्रतिष्ठा तो पणाला लावतो. म्हणूनच सैनिकाच्या विवेकाचे मोजमाप करताना त्या विवेकाची किंमत कोणी मोजली, हे पाहावे लागते.

लाल किल्ला आणि न्यूरेंबर्ग

सैनिकी आज्ञेच्या मर्यादेचा प्रश्न त्या हिवाळ्यात जगभर विचारला जात होता. ५ नोव्हेंबर १९४५ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ यांच्यावरील खटला सुरू झाला. पारतंत्र्यातील जनतेला आपल्या मुक्तीसाठी युद्ध करण्याचा अधिकार आहे आणि म्हणून राजनिष्ठेची शपथ अंतिम नव्हे, असे प्रतिपादन भुलाभाई देसाई यांनी केले. आरोपींना दोषी ठरविण्यात आले. तथापि जन्मठेपेची शिक्षा जानेवारी १९४६ च्या आरंभी सरसेनापतींनी माफ केली.

२० नोव्हेंबर १९४५ रोजी जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे नाझी नेत्यांवरील खटल्यास आरंभ झाला. त्या न्यायाधिकरणाच्या सनदेनुसार, वरिष्ठांची आज्ञा होती एवढ्यावरून कोणीही दायित्वातून मुक्त होत नव्हता. फार तर शिक्षा सौम्य होऊ शकत होती. म्हणजे ज्या ब्रिटनचे न्यायाधीश न्यूरेंबर्गमध्ये 'आज्ञा हा बचाव नाही' हे तत्त्व लागू करीत होते, त्याच ब्रिटनचे अधिकारी मुंबईत आज्ञाभंग हाच परम अपराध मानीत होते. अर्थात दोन्ही प्रसंग एकरूप नाहीत. न्यूरेंबर्गचा विषय मानवतेविरुद्धचे अमानुष गुन्हे हा होता, तर मुंबईतील आज्ञा कवायतीला उभे राहण्याच्या होत्या. परंतु आज्ञापालन हे सैनिकाच्या नीतीचे पहिले पाऊल आहे, शेवटचे नव्हे, ही गोष्ट दोन्हीकडून पुढे येते.

स्वतंत्र भारताच्या कायद्यानेही ही मर्यादा मान्य केली आहे. १९५० च्या लष्कर कायद्यात वरिष्ठाच्या 'कायदेशीर' आज्ञेचा भंग हा अपराध ठरविला आहे. त्या एका विशेषणात सैनिकाच्या विवेकाला जागा ठेवलेली आहे. दुसरीकडे संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदाने सशस्त्र दलांतील व्यक्तींचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी शस्त्र खाली ठेवलेल्या, जखमी वा युद्धात भाग न घेणाऱ्या माणसाला मानवी वागणूक देणे बंधनकारक केले. डिसेंबर १९७१ मध्ये ढाका येथील शरणागतीनंतर सुमारे ९३,००० पाकिस्तानी युद्धकैदी आणि नागरी बंदी भारताच्या ताब्यात आले, तेव्हा या तत्त्वाची कसोटी लागली. विजयाच्या क्षणी पराभूताला दिलेली वागणूक हा सैनिकी नीतीचा कदाचित सर्वांत विश्वसनीय पुरावा होय.

स्वतंत्र भारताचा निर्णय

उठावानंतर शेकडो नाविकांना सेवेतून काढण्यात आले आणि अनेकांना तुरुंगवास घडला. पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती फजल अली यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने सेवेतील गाऱ्हाणी, भरतीच्या वेळची फसवी आश्वासने आणि वंशभेद यांची नोंद घेतली. तथापि स्वातंत्र्यानंतर भारताने किंवा पाकिस्तानने या नाविकांना नौदलात परत घेतले नाही. कालांतराने केंद्र शासनाच्या स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजनेत या उठावाचा समावेश झाला. मुंबईत कुलाब्यास स्मारक उभारले गेले आणि भारतीय नौदलाने आपल्या दोन टगबोटींना मदनसिंग व बी. सी. दत्त यांची नावे दिली.

या निर्णयांत वरवर विसंगती दिसते. राष्ट्राने त्यांना स्वातंत्र्यसैनिक मानले, पण सैनिक म्हणून स्वीकारले नाही. मात्र दोन्ही निर्णयांमागे कारणे आहेत. लोकशाहीत सैन्य निवडून आलेल्या सरकारच्या अधीन असावे लागते. प्रत्येक तुकडी कोणती आज्ञा पाळावी याचा निर्णय स्वतः घेऊ लागली तर लोकशाहीच धोक्यात येते. शेजारच्या देशांतील लष्करी राजवटींचा अनुभव पाहता पटेलांची चिंता अवास्तव नव्हती. प्रश्न निर्णयाचा नाही, त्याच्या किमतीचा आहे. ही किंमत विशी-बाविशीतील त्या नाविकांनी भरली. नोकरी गेली, सेवापुस्तकावर डाग राहिला आणि ज्या स्वातंत्र्यासाठी हे केले त्या स्वातंत्र्याने त्यांना दीर्घकाळ ओळख दिली नाही. संस्थेच्या शिस्तीसाठी व्यक्तीचा बळी आवश्यक होता असे मानले, तरी त्या व्यक्तीचे ऋण मान्य करण्यास पंचवीस-तीस वर्षे लागावयास नको होती.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. पहिला, सैनिकाचे नैतिक मूल्य त्याच्या विजयावर किंवा त्याच्या ध्वजावर अवलंबून नसते. मृत्यूच्या छायेत तो साथीदाराशी, निःशस्त्र माणसाशी आणि पराभूत शत्रूशी कसा वागतो, यावर ते अवलंबून असते. नामदेव जाधव यांनी वाचविलेले दोन जखमी आणि गेट वेवरील शिपायांनी जाऊ दिलेली अन्नाची पुडकी या एकाच मूल्याच्या दोन खुणा आहेत. दुसरा, युद्धाच्या हेतूची जबाबदारी मुख्यतः पाठविणाऱ्याची असते. लोकशाहीत पाठविणारे म्हणजे नागरिक; म्हणून सैनिकाचा जयजयकार करणाऱ्या समाजाने त्याला कोठे आणि कशासाठी पाठविले जात आहे, हे विचारण्याचे कर्तव्यही पार पाडले पाहिजे. सुराबायाला गेलेल्या मराठी शेतकऱ्याच्या मुलाला हा प्रश्न विचारणारे सरकार नव्हते. आजच्या सैनिकाला विचारणारी संसद आहे. तिसरा, आज्ञा आणि विवेक यांचा संघर्ष क्वचितच उद्भवतो. पण उद्भवला तर नकाराची किंमत सैनिक एकटा भरतो. ती किंमत पाहून मगच त्याच्या कृतीचा निवाडा करावा.

आजचा संघर्ष अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. शत्रू गणवेशात नसतो, गोळी कधी शेकडो मैलांवरून यंत्राद्वारे सोडली जाते आणि सैनिकाला कधी शांतिसेनेचा, कधी पोलिसाचा पोशाख चढवावा लागतो. १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसैनिक म्हणून गेलेले आणि तेथेच वीरमरण आलेले महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मले होते. त्यांना परमवीरचक्र मिळाले. परंतु ज्या मोहिमेत ते पडले तिच्या हेतूविषयी देशात आजही एकमत नाही. शौर्य निर्विवाद आणि हेतू वादग्रस्त, ही स्थिती १९४५ बरोबर संपलेली नाही.

महाविद्यालयांतून राष्ट्रीय छात्रसेनेची पथके दरवर्षी संचलन करतात आणि हुतात्म्यांना मानवंदना देतात. त्या मानवंदनेला विचाराची जोड हवी असेल तर तिचा आरंभ दूरच्या रणभूमीपासून करण्याची गरज नाही. ठाण्याच्या विद्यार्थ्याला बाळकुमहून कोलशेतपर्यंतचा रस्ता पुरेसा आहे. १९४६ च्या फेब्रुवारीत त्या रस्त्याच्या टोकाला खाडीकाठी गणवेश घातलेली काही तरुण माणसे होती. शपथ आणि देश यांतून त्यांना निवड करावी लागली आणि ती करताना त्यांनी आपले उरलेले आयुष्य पणाला लावले. त्यांचे काही चुकले असेल, काही बरोबरही असेल. पण तो प्रश्न त्यांनी टाळला नाही.